अंगावर काढू नका

मैत्रिणींनो, पितळेचं घंगाळ चिंचेनं लख्ख कसं करावं, लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून बरणी कशी पुसून घ्यावी, लोकरीच्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून ट्रंकेत काय ठेवावं, हे सगळं आपल्याला पाठ असतं. कुणी विचारलं तर एकाच्या जागी चार सल्ले देऊ! पण आपल्याच शरीराचा एक भाग असा आहे, की त्याच्या स्वच्छतेबद्दल ना आपल्याला कुणी कधी नीट सांगितलं, ना आपण कुणाला विचारलं. आईनं सांगितलं नाही, कारण तिला तिच्या आईनं सांगितलं नव्हतं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे. अंक लगेच मिटून उशीखाली सारू नका. हसतील त्याचे दात दिसतील. आपण आपलं बोलू या.

पहिली अडचण येते ती नावाची. लहानपणी ती ‘शूची जागा’ असते. मोठेपणी नुसतं ‘तिथं’ किंवा ‘खाली’. डॉक्टरीणबाई विचारतात, “काय होतंय?” आणि आपण दाराकडे बघत म्हणतो, “खाली जरा आग होतेय.” खाली म्हणजे कुठे? खाली तर पायसुद्धा असतात! दोष आपला एकटीचा नाही. मराठीत या अवयवांना एक तर पोथीतले जड संस्कृत शब्द आहेत, नाही तर रस्त्यावरच्या शिव्या आहेत. मधल्या मधे, चारचौघींत साधेपणानं बोलायला शब्द उरतच नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षं ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून असल्या विषयांवर सरळ मराठीत लिहिलं, तर त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. तेव्हा आपली जीभ अडखळते यात नवल नाही. मी या लेखात ‘योनी’ आणि ‘बाहेरचा भाग’ असे दोनच शब्द वापरणार आहे. तुम्हीही एकदा मनातल्या मनात उच्चारून बघा. काही होत नाही.

आता रचना बघू. चांगल्या शिकलेल्या बायकांनाही लघवीची वाट आणि बाळंतपणाची वाट वेगवेगळी असते, हे दोन मुलं झाल्यावर कळतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. वाटा तीन आहेत. सगळ्यांत पुढे लघवीची, मध्ये योनी आणि मागे शौचाची. पुढच्या दोघींभोवती कातडीच्या घड्या असतात, तो बाहेरचा भाग. तिन्ही वाटा अगदी शेजारी शेजारी. त्यात बाईची मूत्रनळी असते साधारण चार सेंटिमीटरची, म्हणजे दोन बोटं आडवी धरली तर जेमतेम तेवढी. पुरुषाची याच्या कितीतरी पट लांब. म्हणून शौचाच्या जागेवरचे जंतू आपल्याकडे चटकन पुढे सरकतात आणि आपल्याला उन्हाळी लागते, लघवीला जळजळतं, दर दहा मिनिटांनी जावंसं वाटतं. घरातल्या बाप्यांना हा त्रास क्वचित होतो, म्हणून त्यांना तो नाटकीपणा वाटतो. त्यांना हे चार सेंटिमीटर समजावून सांगा.

योनीच्या आतली गोष्ट मात्र वेगळी आहे आणि मला ती फार आवडते. आपण दूध कोमट करून विरजण लावतो, तेव्हा काय होतं? विरजणातले जंतू दुधातली साखर खातात, आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणामुळे दुसऱ्या वाईट जंतूंचं फारसं चालत नाही. योनीतही अशीच व्यवस्था आहे. १८९२ साली आल्बर्ट ड्योडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञानं तिथल्या या उपकारी जंतूंचं वर्णन केलं. ते दह्यातल्या जंतूंच्या गोतातलेच. योनीच्या अस्तरात साठलेल्या साखरेच्या साठ्यावर ते जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्लता मोजायच्या पीएच पट्टीवर साधं पाणी सातवर असतं. त्याच्या खाली आंबट, वर क्षार. वयात आलेल्या, पाळी चालू असलेल्या निरोगी बाईच्या योनीतला पीएच असतो ३.८ ते ४.५, म्हणजे घरच्या दह्याच्या जवळपास. आणि आपला अंगाचा साबण? नऊ ते दहा! विरजण लावलेल्या भांड्यात कुणी साबणाचा फेस ओतेल का? आपण नेमकं तेच करतो आणि वर म्हणतो, “मी इतकी स्वच्छ राहते, तरी मला खाज का येते?”

तेव्हा पहिला नियम लक्षात ठेवा. योनी आतून धुवायची नसते. ती स्वतःला धुते. रोज थोडासा पातळ, पांढरट किंवा पारदर्शक स्राव बाहेर येतो ना, तीच तिची धुलाई. आपण धुवायचा तो फक्त बाहेरचा भाग.

तो कसा धुवायचा, तेही सांगते, कारण ‘स्वच्छता ठेवा’ एवढंच सांगणारे पुष्कळ भेटतात. अंघोळीच्या वेळी आधी हात साबणानं धुऊन घ्या. नखं कापलेली हवीत. साधं किंवा कोमट पाणी घ्या, कढत नको. एका हातानं तांब्यानं पुढून पाणी सोडा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांच्या पेरांनी घड्यांमधून हलकेच हात फिरवा. तिथं पांढरट थर साचतो तो पाण्यानं निघतो, खरवडायचा नाही. बोट आत घालायचं नाही. साबण लावायचाच असेल तर बिनवासाचा, सौम्य, तोही केस असतात त्या कातडीपुरता, आणि मग भरपूर पाण्यानं काढून टाकायचा. नंतर मऊ सुती पंचानं टिपायचं. टिपायचं म्हटलं आहे बरं का, घासायचं नाही. ओल राहिली की खाज आलीच. पंचा आपला स्वतःचा, घरभर फिरणारा नव्हे. असं दिवसातून एकदा पुरे, फार तर दोनदा. नव्या धर्तीच्या न्हाणीघरांत पाण्याचा फवारा असतो, त्याची जोरदार धार आतल्या बाजूला मारायची नाही.

शौचानंतर धुताना हात नेहमी पुढून मागे. पाणी पुढून सोडलं तरी हात मागच्या बाजूनं घ्यावा, म्हणजे घाण पुढे येत नाही. लहान मुलींना ही सवय तीन-चार वर्षांच्या असतानाच लावावी. एकदा लागली की जन्मभर पुरते. केसांचं म्हणाल, तर ते काढलेच पाहिजेत असं मुळीच नाही. कातडीचं घर्षणापासून रक्षण करायला ते असतात. फार वाढले असतील तर स्वच्छ कात्रीनं कमी करावेत. ब्लेडनं कापून घेऊन आणि केस काढायच्या मलमानं भाजून घेऊन येणाऱ्या मुली दवाखान्यात काही कमी नसतात.

अति तिथे माती म्हणतात, ते इथं तंतोतंत खरं आहे. कुणी अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशकाचं झाकणभर औषध टाकून त्यानं धुतं. कुणी तुरटीचं पाणी घेतं, कुणी लिंबू. हल्ली कुणीतरी मोबाइलवर दाखवलं म्हणून कुणी आत दही, लसूण ठेवायला निघतं. मैत्रिणींनो, मी विरजणाचं उदाहरण दिलं म्हणून दही आत घालू नका हो! ते ताटातच बरं. अशा उपायांनी कातडी चरचरते, सोलवटते आणि उपकारी जंतू मरतात. मग ज्या वासाला भिऊन हे केलं, तो वास आणखी वाढतो. आतून पाण्याच्या पिचकारीनं धुण्याची सवय असलेल्या बायकांत योनीतल्या जंतूंचा तोल बिघडण्याचं प्रमाण जास्त आढळतं, आणि ओटीपोटात सूज येण्याचा धोकाही वाढतो, असं डॉक्टर सांगतात.

आणि ही भीती आपल्या मनात कुणी घातली ठाऊक आहे? विकणाऱ्यांनी. अमेरिकेत १९२० नंतरची तीसेक वर्षं लायसॉल हे जंतुनाशक बायकांनी आतून धुण्यासाठी वापरावं म्हणून मासिकांतून जाहिराती येत. चित्रात उदास बायको, पाठ फिरवलेला नवरा, आणि खाली उपदेश, की दोष तुझ्या अस्वच्छतेचा आहे. ज्यानं फरशी पुसायची, ते द्रव्य बायकांनी अंगाच्या सर्वांत नाजूक जागी वापरलं, त्यात कित्येकींना भाजलं. आज बाटल्या सुंदर आहेत, गुलाबी आहेत, भाषाही गोड आहे. पण सांगणं तेच, की तू जशी आहेस तशी पुरेशी स्वच्छ नाहीस. निरोगी बाईला यातल्या एकाही बाटलीची गरज नाही. शरीराला शरीराचा थोडा वास असणारच, आणि तो गुलाबाचा नसतो. सुगंधी पावडरही तिथं नको. टाल्क या खनिजाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं २०२४ साली ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातलं आहे. घामोळ्यांसाठी डबा पुढे येतो, तेव्हा हे आठवा.

आता कपडे. आतले कपडे सुती असावेत, घट्ट नसावेत आणि रोज बदलावेत. घामाच्या दिवसांत दोनदा. नायलॉनचा कपडा, त्यावर घट्ट लेगिंग, त्यावर दिवसभर खुर्ची, म्हणजे बुरशीला दिलेलं आमंत्रणच. रात्री सैल गाऊन किंवा परकर घालून आतला कपडा काढून झोपलं तर कातडीला वारा मिळतो.

पण धुण्यापेक्षा मोठा प्रश्न वाळवण्याचा. दोरीवर घरातल्या बाप्यांचे गंजिफ्रॉक आणि चड्ड्या उन्हात ऐटीत झुलत असतात, आणि आपले कपडे? परकराच्या आत, टॉवेलखाली, न्हाणीघराच्या दारामागच्या खिळ्यावर. तिथं ऊन नाही, वारा नाही. ते वाळतच नाहीत, नुसते आंबतात. दुसऱ्या दिवशी तोच दमट कपडा आपण अंगाला लावतो आणि महिनाभर खाजवत बसतो. कोकणात लावणीच्या दिवसांत बायका गुडघाभर चिखलात दिवसदिवस ओलेत्यानं वाकलेल्या असतात. घरी आल्यावर त्यांच्या अंगाला कोरडा कपडा लागला नाही, तर जांघा सोलून निघणार नाहीत तर काय? पावसाळ्यात कपडा नीट वाळला नसेल तर इस्त्री फिरवा. शेगडीच्या उबेवर वाळवा. पण उघडीप मिळाली की सरळ दोरीवर, उन्हात, चारचौघांसमोर. कपडाच तो. बघणाऱ्यानं मान वळवावी.

पाळीच्या दिवसांत अंघोळ रोज करावी, दोनदा केली तर फारच छान. पॅड भरलं नसलं तरी चार ते सहा तासांनी बदलावं. घरची मऊ सुती घडी वापरणाऱ्यांनी संकोच करू नये, ती वाईट नसते. वाईट असतं ते तिचं लपवणं. आधी गार पाण्यात भिजवून डाग काढावेत, कारण गरम पाण्यानं डाग पक्के होतात. मग साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवावी. कप वापरणाऱ्या मुली आता पुष्कळ आहेत. त्यांनी तो बारा तासांच्या आत, शक्यतो आठ तासांनी रिकामा करून धुवावा आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला व शेवटी पाण्यात उकळावा. तो घालण्याआधी हात मात्र धुतलेले हवेत.

एक सवय आपण सगळ्याजणी अभिमानानं बाळगतो. “मला ना, सकाळी निघाले की संध्याकाळपर्यंत जावंच लागत नाही!” जावंसं वाटतं हो, आपण दाबून धरतो. एसटी स्टँडवरचा तो दरवळ आठवला की घशाखाली पाणी उतरत नाही, म्हणून प्रवासात आपण पाणीच पीत नाही. लघवी तुंबवली की जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो. हा काही एकेकटीच्या आळसाचा प्रश्न नाही. २०११ साली मुंबईत संस्थांनी आणि कार्यकर्त्यांनी एकत्र येऊन ‘राइट टू पी’ नावाची मोहीम सुरू केली, तेव्हा तिचं नाव ऐकून कित्येकांना हसू फुटलं. मागणी अगदी साधी होती. बाईला रस्त्यावर स्वच्छ, सुरक्षित आणि फुकट मुतारी हवी. पुरुषांना फुकट आणि बायकांकडून पैसे, असा हिशोब होता ना! गावच्या बचत गटात, सोसायटीच्या सभेत, मुलींच्या शाळेत हा प्रश्न विचारायला लाजू नका. आपल्यापुरतं म्हणाल, तर पाणी भरपूर प्या, तीन-चार तासांनी जाऊन या आणि नवराबायकोच्या संबंधानंतरही लघवीला जाऊन यायची सवय ठेवा. उन्हाळी लागली तर धन्याजिऱ्याचं पाणी, बार्लीचं पाणी खुशाल घ्या. पण एखाद्या दिवसात आराम पडला नाही, ताप आला, कंबरेच्या वर दुखलं किंवा लघवीतून रक्त गेलं, तर धने बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. आणि दिवस गेले असतील तर साध्या जळजळीलाही थांबू नका, लगेच दाखवा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, ‘अंगावरून पांढरं जाणं’. हे शब्द उच्चारले की बाईचा चेहराच उतरतो. ‘हाडं झिजतात’, ‘शक्ती जाते’, ‘कॅन्सर होतो’, काय काय तिनं ऐकलेलं असतं. हाडंबिडं काही झिजत नाहीत हो. स्राव रोज थोडा असतो. पाळीच्या साधारण मध्यावर तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जातो, गरोदरपणात वाढतो. हे सगळं निरोगीपणाचं लक्षण आहे. मग बिघडलंय हे कधी ओळखायचं? फाटलेल्या दुधासारखा गाठीगाठीचा आणि सोबत असह्य खाज, तर बहुधा बुरशी. पातळ, करडा आणि मासळीसारखा वास, तर जंतूंचा तोल बिघडलेला. पिवळा-हिरवा, फेसाळ, तर वेगळा संसर्ग. त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाही तर आजार घरातल्या घरात फिरत राहतो. या तिन्हींवर औषधं आहेत, बहुतेकींना काही दिवसांच्या गोळ्यांनी किंवा मलमानं गुण येतो. पण तिन्हींची औषधं वेगळी आहेत. म्हणून शेजारणीची उरलेली गोळी घ्यायची नाही. खाज पुन्हा पुन्हा येत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. पुष्कळ बायकांचा मधुमेह असा खाजेवरून सापडतो.

हे न कळण्याची किंमत किती मोठी असते, ते बीड जिल्ह्यात दिसलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका हंगामभर फडाजवळच्या कोपीत राहतात. तिथं न्हाणी नाही, संडास नाही, पाणी लांबून आणायचं. पहाटे उठून कोयता हाती घ्यायचा, डोक्यावर मोळ्या वाहायच्या आणि खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार. अशा बाईला खाली संसर्ग होणार नाही तर कुणाला होणार? ती ‘पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय’ म्हणून दवाखान्यात गेली, की तिला कॅन्सरची भीती घालून पिशवी काढून टाकायला सांगितल्याच्या तक्रारी आल्या. २०१९ साली राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोडणी बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यांत ऐन तिशी-चाळिशीतल्या बायका होत्या. पिशवी काढणं कधी कधी खरोखर गरजेचं असतं, ते मी नाकारत नाही. पण नुसतं पांढरं जातं म्हणून पिशवी काढायची नसते. कुणी तसं सांगितलं तर “दुसऱ्या डॉक्टरांना विचारून येते” एवढं वाक्य प्रत्येकीला म्हणता आलं पाहिजे. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईला, शेतावरच्या बाईला हे सांगा. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

पाळी गेली म्हणजे सुटलो, असं आपण म्हणतो. तसं नसतं. शरीरातलं इस्ट्रोजेन कमी झालं की आतलं अस्तर पातळ होतं, ते उपकारी जंतूही घटतात, कोरडेपणा येतो, आग होते, सारखी उन्हाळी लागते. यावर लावायचं मलम डॉक्टर देतात आणि त्याचा छान उपयोग होतो. ‘या वयात कसलं दाखवायचं’ म्हणून कुढत बसू नये. खोकलं-शिंकलं की दोन थेंब जातात, तेही वयाचं म्हणून सोडून देऊ नये. लघवी मध्येच थांबवताना जे स्नायू आवळतो, तेच एरवी बसल्या बसल्या आवळायचे, पाच मोजायचे आणि सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. आर्नल्ड केगेल या अमेरिकी डॉक्टरानं १९४८ साली हा व्यायाम मांडला. भाजी निवडता निवडता होतो, कुणाला कळतही नाही!

पण पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा लाल दिसलं, अगदी एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टर. माझ्या एका मावशीची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. तिला डाग दिसू लागले. ती म्हणे, “उष्णता झाली असेल, कोकमाचं सरबत घेते.” चार महिने तिनं कोकम घेतलं. शेवटी परकर धुताना सुनेच्या लक्षात आलं. ती पोरगी धीट. “आत्या, तुम्ही रागावलात तरी चालेल, पण उद्या आपण जाणार आहोत,” म्हणाली आणि रिक्षा आणूनच थांबली. पिशवीच्या अस्तराचा कर्करोग निघाला, अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन झालं, मावशी वाचली. आज ती ऐंशीच्या घरात आहे आणि कोकम नुसतं आवड म्हणून पिते. दुखणं अंगावर काढायची आपली रीत, तिला आपण सोशिकपणा म्हणतो. मला तो शब्द आता कानाला गोड लागत नाही.

शेवटी एक काम सांगते. ते कुणी शिकवत नाही आणि आपल्यापैकी बहुतेकींच्या वाट्याला येतं. माझ्या सासूबाई शेवटची दीड वर्षं अंथरुणाला होत्या. आम्ही त्यांना माई म्हणत असू. मोठ्या मानी. त्यांचं सगळं मलाच करावं लागे. पहिले काही दिवस त्या डोळे घट्ट मिटून घेत आणि म्हणत, “राहू दे गं, मीच करीन.” हात तर उचलत नव्हता. मग मी एक पद्धत बसवली. दार लावायचं, पडदा ओढायचा, अंगावर चादर ठेवून लागेल तेवढंच उघडायचं, आणि हात लावायच्या आधी सांगायचं, “माई, आता कोमट पाणी सोडते हं. पाय जरा सैल सोडा.” जुन्या लुगड्याची मऊ फडकी फाडून ठेवली होती. एका फडक्यानं पुढून मागे एकदाच पुसायचं, दुसऱ्यांदा घडी बदलायची, मग टिपून कोरडं करायचं. जांघेतल्या घड्यांत ओल राहता कामा नये. पावडर नाही. कातडी लाल दिसली तर डॉक्टरांनी दिलेलं मलम. लंगोटाचं पॅड भरायची वाट न पाहता घड्याळ लावून बदलायचं. खाली मेणकापड, त्यावर सुती चादर. एकदा त्या अचानक असंबद्ध बोलू लागल्या, अंगात ताप होता. घरातले म्हणाले, वय झालं. डॉक्टरांनी लघवी तपासली तर संसर्ग. औषधानं आठवड्यात माई पुन्हा माझ्या आमटीला नावं ठेवायला लागल्या! तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, म्हाताऱ्या माणसाचं एकाएकी बिनसलं तर ‘भ्रम झाला’ म्हणण्याआधी लघवी तपासा.

त्या दीड वर्षात एकदा माई मला म्हणाल्या, “माझं बाळंतपण सुइणीनं केलं, तिनंसुद्धा इतक्या हळू हात लावला नव्हता.” मी काही बोलले नाही, चादर सारखी केली. पण मनात आलं, या बाईच्या वाट्याला हा हळुवारपणा सत्तर वर्षं उशिरा आला. आपण आपल्याच शरीराला इतक्या हळू हात का लावू नये? साबणाचा मारा, औषधाची चरचर, खरवडणं, कोंदट कपडा. जणू त्या भागानं आपला काही गुन्हा केला आहे.

तर मैत्रिणींनो, एवढं लक्षात ठेवा. आतून धुवायचं नाही, बाहेरून पाण्यानं. हात पुढून मागे. टिपून कोरडं. कपडा सुती आणि उन्हात वाळलेला. लघवी तुंबवायची नाही. वास, खाज, गाठी, वेगळा रंग किंवा पाळी गेल्यावर डाग, यांतलं काहीही दिसलं तर डॉक्टर, आणि ‘खाली’ न म्हणता नेमकी जागा सांगायची. घरात आठ-दहा वर्षांची मुलगी किंवा नात असेल तर तिची पाळी यायची वाट न पाहता, एखाद्या दुपारी केस विंचरता विंचरता, या तीन वाटांची गोष्ट तिला सांगून टाका. ती प्रश्न विचारील. उत्तरं तुम्हाला आता ठाऊक आहेत. आणि उद्या सकाळी धुणं वाळत घालाल तेव्हा दारामागचा तो खिळा आधी उपटून टाका बघू!